प्रथमोपचारक व्हायचंय? आधी आपली हद्द ओळखा

‘फर्स्ट एडचा कोर्स केला तर मुलाला नोकरी लागेल का हो?’ या प्रश्नाला माझं उत्तर सरळ असतं : नुसत्या त्या प्रमाणपत्रावर नाही. पण दुसऱ्या कुठल्या कौशल्याला त्याची जोड मिळाली, तर उमेदवाराचं वजन नक्की वाढतं.

याला कारण आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमानेच दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक माणूस हवा असं सांगितलं. ५००हून जास्त कामगार असतील तर वेगळी रुग्णकक्षाची सोय. हा माणूस सहसा बाहेरून आणत नाहीत. फिटर, सुपरवायझर, स्टोअरकीपर यांच्यातल्याच कुणाकडे ती जबाबदारी येते. चाकण, बुटीबोरी, तारापूरला नोकरी शोधणाऱ्या आयटीआयच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. ट्रेकचे लीडर, क्रीडाशिक्षक, जीवरक्षक यांनाही ते उपयोगी पडतं. पूर्णवेळ हेच क्षेत्र हवं असेल तर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा अभ्यासक्रम, औद्योगिक सुरक्षेची पदविका किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय असे मार्ग आहेत.

आता कामाबद्दल. प्रथमोपचारक म्हणजे छोटा डॉक्टर नव्हे. तो रोगाचं निदान करत नाही, आपल्या मनाने गोळ्या देत नाही. वैद्यकीय मदत येईपर्यंत जीव टिकवणं आणि दुखणं वाढू न देणं, एवढंच त्याचं काम. ‘एवढंच’ म्हटलं खरं, पण ते अवघड आहे, कारण यात घाईला आवर घालावा लागतो.

दरवर्षी आपण बातम्या वाचतो : विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये एक जण बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, आणि सगळेच गेले. विषारी वायू आणि प्राणवायूची कमतरता डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिकलेला माणूस आधी जागा पाहतो, मगच माणसाकडे जातो. टाकीत स्वतः उतरत नाही, इतरांना उतरू देत नाही, अग्निशमन दलाला बोलावतो. कुणाला विजेचा झटका बसला तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करतो. काठावर उभं राहून ‘थांबा’ म्हणणाऱ्याला लोक भेकड म्हणतील. म्हणू देत.

आपल्याकडे अर्धं शिक्षण ‘काय करायचं नाही’ याचंच असतं. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई नको. वीसेक मिनिटं नळाचं वाहतं पाणी. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, डोक्याखाली मऊ काही द्यायचं आणि झटके थांबल्यावर कुशीवर वळवायचं. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चावलेलं काहीही असो, चिरा देणं, विष चोखणं, दोरी आवळणं सगळं वर्ज्य. चावलेला अवयव हलू न देता, रुग्णाला चालायला न लावता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर १०८ला फोन आणि लगेच सीपीआर : छातीच्या मध्यावर ३० दाब, मग दोन श्वास, दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर. हे मोबाईलवर व्हिडिओ पाहून जमत नाही, पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

चांगला प्रथमोपचारक मला ओळखू येतो तो मात्र रुग्णवाहिका आल्यावर. घटना किती वाजता घडली, शुद्ध कधी हरपली, आपण काय केलं, हे तो चार वाक्यांत सांगतो आणि बाजूला होतो. नंतर नोंदवहीत लिहितो, वापरलेलं साहित्य पेटीत पुन्हा भरतो. शुद्धीत असलेल्या रुग्णाला हात लावण्याआधी विचारतो, हातमोजे घालतो, फोटो काढणाऱ्यांना हटकतो.

पालकांची खरी भीती निराळीच असते : ‘पोरगं पोलिसांच्या भानगडीत अडकेल.’ रस्ते अपघातापुरतं तरी याचं उत्तर कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, रेडक्रॉस यांसारख्या संस्था हे प्रशिक्षण देतात. कुठेही प्रवेश घेताना दोन गोष्टी विचारा : प्रत्येकाला पुतळ्यावर स्वतः सराव करायला मिळेल का, आणि प्रमाणपत्राची मुदत किती? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर फी भरू नका.