मूत्रपिंड आणि हृदय : एकाचे दुखणे दुसऱ्याला



या तिमाहीच्या अभ्यासासाठी आरोग्याचा विषय घेतला आहे. मी डॉक्टर नाही, पण पाड्यांवर काम करताना दोन तक्रारी वारंवार कानी येतात : “पाय सुजलेत” आणि “चालताना दम लागतो.” घरचे लोक याला अशक्तपणा किंवा वय समजून सोडून देतात. या तक्रारींमागे मूत्रपिंड आणि हृदय, दोन्हींचा आजार असू शकतो.

१. हे ओझे किती मोठे?

२०१७ च्या आकडेवारीनुसार जगात सुमारे ७० कोटी लोकांना मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार होता. त्यांपैकी सुमारे साडेअकरा कोटी भारतात. त्या वर्षी या आजाराने सुमारे १२ लाख माणसे दगावली. याशिवाय हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेल्या आणखी सुमारे १४ लाख मृत्यूंमागे दुर्बल मूत्रपिंडे हे कारण होते. म्हणजे अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातात.

आपण “हार्ट फेल झाले” म्हणतो, तेव्हा माणूस अचानक गेला असे समजतो. वैद्यकीय भाषेत मात्र ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणे. असा माणूस उपचाराने अनेक वर्षे जगू शकतो. जगात असे सहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि त्यांतील जवळपास निम्म्यांची मूत्रपिंडेही कमजोर असतात.

२. दोघांचा संबंध कसा?

लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच लिहून ठेवले होते की मूत्रपिंडाच्या रोग्यांचे हृदय मोठे झालेले आढळते. कारण असे : मूत्रपिंडे थकली की मीठ आणि पाणी अंगात साचते, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येऊन त्याची भिंत जाड होते. रक्त तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरकही मूत्रपिंडातच बनते. ते घटले की पंडुरोग होतो आणि हृदयाला आणखी धावावे लागते. उलट, हृदय कमजोर झाले की मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही. असे हे चक्र चालते.

३. आपल्या पाड्यांवर

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही जगभरची मुख्य कारणे. ती आता खेड्यांतही आहेत. आदिवासी भागात आणखी काही कारणांची भर पडते. सिकलसेलचा आजार मूत्रपिंडे आणि हृदय या दोघांनाही इजा करतो. कमी वजनाच्या बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्या जन्मतःच कमी असू शकतात. म्हणून गर्भवतीचे पोषण हा उद्याच्या हृदयाचाही प्रश्न आहे. शिवाय मजुरीने अंग दुखते म्हणून रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

४. काय करता येईल?

२०१६ पासून सरकारी योजनेतून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते. पण आठवड्यातून दोन-तीनदा पाड्यावरून जिल्ह्याला जायचे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. म्हणून आजार लवकर ओळखणे हाच गरिबाचा खरा आधार. त्यासाठी रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासणे, एवढे पुरते. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा सिकलसेल असलेल्याने वर्षातून एकदा तपासणी करावी. दोन्ही अवयवांना उपयोगी पडणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आता भारतात जेनेरिक स्वरूपात मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दिवसभरात मीठ एका चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरावे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव केला. ठराव जिनिव्हात झाला. पाड्यावर रक्तदाब मोजायला मात्र कोणीतरी चालत जावे लागते. आपण पाठवलेल्या मदतीतून हेच चालणे घडते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात शेवटचा रक्तदाब कोणाचा आणि कधी मोजला?
२. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता कोण घेते?
३. उपासनेनंतर महिन्यातून एकदा मंडळीत रक्तदाब तपासणी ठेवता येईल का? ती जबाबदारी कोण घेईल?

पाड्यांवरील रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्यावी.