अर्धवेळ कामांची सांगड

एकाच कार्यालयात तीस-पस्तीस वर्षे नोकरी आणि शेवटी निवृत्तिवेतन, हा आराखडा आता सर्वांच्या वाट्याला येत नाही. अनेक लहान कामांच्या संचातून घडणाऱ्या व्यवसायजीवनाची कल्पना आयरिश व्यवस्थापन-विचारवंत चार्ल्स हँडी यांनी १९८९ मध्ये ‘द एज ऑफ अनरीझन’ या ग्रंथात मांडली होती. आपल्या बाजारपेठांना मात्र ती अपरिचित नव्हती. चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिणारा अर्धवेळ हिशेबनीस हे तिचे जुनेच उदाहरण होय.

त्याचा महिना पाहिला म्हणजे कामे कशी निवडावीत, हे ध्यानात येते. दरमहा वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, तर करभरण्याचे विवरणपत्र साधारणतः २० तारखेपर्यंत सादर करावे लागते. साहजिकच पाचही दुकानांचे काम एकदम अंगावर येते. सहावे दुकान घेतल्यास मिळकत वाढल्याचे भासते. प्रत्यक्षात कोणाचे तरी विवरणपत्र राहते, विलंब शुल्क पडते आणि वर्षानुवर्षांचा विश्वास जातो. २० तारखेनंतर मात्र बरीच उसंत असते. त्या दिवसांत एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च सहज सांभाळता येतो. नवे काम स्वीकारताना मोबदल्याआधी त्याच्या तारखा विचाराव्यात, ते याचसाठी.

पैसाही असाच खंडित येतो. सर्व जमा एकाच खात्यात घ्यावी आणि मागील बारा महिन्यांतील सर्वांत कमी जमेइतकी रक्कम दर १ तारखेला घरखर्चाच्या खात्यात वळवावी. उरलेल्या पैशासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सोयीचा ठरतो. त्यात वर्षाला किमान ५०० व कमाल १.५ लाख रुपये सवडीने भरता येतात; आवर्ती ठेवीसारखा मासिक हप्ता चुकण्याची धास्ती नसते.

खरी अडचण उभी राहते ती गृहकर्जाच्या वेळी. रोखीने घेऊन रोखीनेच खर्च झालेला मोबदला बँकेच्या दृष्टीने मिळालेलाच नसतो. अशा अर्जदाराकडे सामान्यतः दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागितली जातात आणि नेमकी तीच नसतात! २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत सर्वसाधारण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास निवासी व्यक्तीला कर भरावा लागत नाही. म्हणून विवरणपत्रही नको, असा समज बळावला आहे. तो चुकीचा आहे. उत्पन्न ४ लाखांहून अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते.

दोन अर्धवेळ पगारी नोकऱ्या असणाऱ्यांची गफलत निराळी. प्रत्येकी ८ लाख पगार असल्यास दोन्ही मालक आपापल्या पगारापुरताच हिशेब करतात व कर कापत नाहीत. एकूण १६ लाखांवर मात्र प्रमाणित वजावटीनंतरही, २०२५-२६ च्या दरांनी, उपकरासह १,१३,१०० रुपये कर होतो. पहिल्या नोकरीचा पगार दुसऱ्या मालकाला लेखी कळविल्यास तो दरमहा थोडाथोडा कापला जातो. अन्यथा अग्रिम कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्चपर्यंत स्वतःच भरावे लागतात. ते चुकल्यास वर व्याजही पडते.