परसातल्या कोंबड्यांची भांडणे आणि आपली निगराणी



उसाचे बिल हप्त्याने येते. अंड्याचा पैसा मात्र आठवडी बाजाराला हातात पडतो, आणि तो बहुधा घरच्या बाईच्याच हातात पडतो. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखान्याची चिठ्ठी यातूनच भागते. म्हणून दहा-पंधरा कोंबड्यांचे खुराडे आम्ही किरकोळ समजत नाही. पैठण, गंगापूर, वैजापूर भागात वस्त्यांवर गेल्यावर कोंबड्या कशाने गेल्या असे विचारले तर उत्तरे ठरलेली. मानमोडी, मुंगूस नाहीतर घार. कोंबड्यांनीच कोंबडी मारली, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्हीही सांगितले नव्हते, कारण आम्हाला ते कळलेच नव्हते.

आमच्या घरी नऊ जुन्या कोंबड्या होत्या. दिवाळीनंतर बाजारातून सहा तलंगा आणल्या आणि संध्याकाळी सरळ त्याच खुराड्यात सोडल्या. रात्री शेतीपंपाची लाईट होती, उसाला पाणी द्यायला गेलो. आल्यावर डोळा लागला आणि दार उघडायला नऊ वाजले. एक तलंग शेपटाखाली फाटून मरून पडलेली, दुसरीच्या डोक्याची कातडी सोललेली, बाकीच्या कोपऱ्यात एकीवर एक चढलेल्या. आम्ही मुंगसाला शिव्या दिल्या, जाळी आवळली. आमच्या मातोश्रींनी मेलेली तलंग उलटीपालटी करून पाहिली अन् म्हणाल्या, "मुंगूस मानेला धरतं रे. हे टोचलेलं हाये. घरच्यांचंच काम." दुसऱ्या दिवशी उजाडताना खुराड्यापाशी बसून पाहिले, तेव्हा पटले. अंधारात कोंबडी भांडत नाही. फटफटले, पोटात भूक आणि दार बंद, या तासा-दोन तासांत सगळा घोटाळा होतो. तेव्हा आधी इतकेच करा, की सूर्य उगवताना खुराडे उघडलेच पाहिजे. रात्रपाळीच्या पाण्याला जाणाऱ्याने ते काम घरात कोणाला तरी सांगून जावे.

आता त्या भांडतात का? कोंबड्यांत मानपानाची एक उतरंड असते. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते. असे करत शेवटची सगळ्यांचा मार खाते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२१-२२ च्या सुमारास हा क्रम शास्त्रात प्रथम मांडला. त्यांना एक गंमतही आढळली. कधी कधी पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला दाबते. भाऊबंदकीत असे दिसते तसेच. पण मुद्दा असा, की ही उतरंड एकदा बसली म्हणजे भांडणे कमी होतात. मान वर केली की समोरची बाजूला सरते, टोच मारावीच लागत नाही. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुरा पाहून ओळखतात. नवी आली, किंवा जुनी पुष्कळ दिवस बाहेर राहून आली, की उतरंड मोडते आणि ती पुन्हा बसेपर्यंत मारामारी चालते. ती होणारच. तिच्यात जीव जातो तो बहुतेक आपल्या चुकीने.

सर्वांत मोठी चूक आमचीच, नव्या पाखरांना एकदम आत सोडण्याची. नवी पाखरे निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावीत. याचा दुहेरी फायदा आहे. एक म्हणजे रोग असला तर तो तेवढ्यात बाहेर पडतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या गेल्या, ते मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. दुसरा फायदा ओळखीचा. पहिले काही दिवस दूर ठेवून, पुढे जुन्यांच्या नजरेसमोर जाळीआड किंवा मोठ्या डालग्याखाली ठेवावे. दिसावे, पण टोच पोचू नये. आठवडाभर रोज दिसली की परकेपणा निम्मा जातो. मग अंधार पडल्यावर, जुन्या दांडीवर बसल्या म्हणजे, नव्यांना उचलून त्यांच्या शेजारी बसवावे आणि सकाळी आपण समोर हजर राहावे. एकटी तलंग कधीच सोडू नये. तीन-चार मिळून सोडल्या म्हणजे मार वाटला जातो. दीड-दोन महिन्यांची पिल्ले मोठ्या कोंबड्यांत मिसळण्याची घाई तर मुळीच नको. वनराज, गिरिराजसारखी वजनदार जात गावरानमध्ये ठेवायची असेल तर पिल्लेपणापासून एकत्र वाढवलेली बरी. अंगाने मोठी म्हणून तीच वरचढ ठरेल असे नाही. चपळ गावरान कोंबडी तिला सहज पळवते.

पिल्लांच्या बाबतीत खुडूक कोंबडी फार कामाची. एक दिवसाची पिल्ले रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवली तर ती बहुधा आपलीच मानून वाढवते आणि कळपात त्यांना कोणी हात लावू देत नाही. चार-सहा दिवसांची झाल्यावर हा डाव साधत नाही. अशी पिल्ले शासनाच्या छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे आगाऊ मागणी करून घ्यावीत. आपली खुडूक कधी बसते ते बघून मागणी केली तर दोन्ही जुळते. अंड्यांवर बसलेली खुडूक मात्र आडोशाला वेगळी बसवावी. नाहीतर बाकीच्या तिच्याच खोप्यात अंडी घालायला घुसतात, आणि भांडणात २१ दिवसांची मेहनत फुटते.

आता जागा. रात्रीच्या खुराड्यात मोठ्या कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट तरी हवेत. दांडीवर प्रत्येकीला सात-आठ इंच, आणि चार-पाच कोंबड्यांना अंड्याचा एक खोपा. खाद्य एकाच टोपल्यात कधी ठेवू नये. वरची कोंबडी टोपल्यावर उभी राहते आणि खालची उपाशी मरते. आपण म्हणतो हिला रोग झाला. पुष्कळदा तो रोग नसतो, उपास असतो. तीन-चार डबे, तेही एकमेकांपासून लांब, आणि पाण्याची निदान दोन भांडी ठेवावीत. एखादी तुटकी बाजली, कडब्याची पेंढी आडवी टाकली तर पळणाऱ्या कोंबडीला आड मिळते. कोपरा मात्र बंद नको, तिथेच ती सापडते.

टोचणे हे मुळात चारा शोधण्याचेच काम आहे. मातीत टोचायला मिळाले नाही की चोच शेजारणीच्या पिसाकडे वळते. यावर उसाचे पाचट फार चांगले. कोरडे पाचट बोट-दोन बोट लांबीचे तोडून खुराड्यात चार इंच पसरा आणि त्यात मूठभर बाजरी उधळा. दिवसभर उकरत बसतात. ओले, बुरशी धरलेले पाचट किंवा बगॅस नको, त्याने छातीचा रोग होतो. कोरड्या राखेत-मातीत लोळायची जागाही असू द्या. उवा झालेली कोंबडी आपलीच पिसे उपटते, रक्त निघते, आणि लाल दिसले की सगळ्या तुटून पडतात.

पिसे खाण्यामागे खाद्यातली उणीवही असते. नुसत्या मक्यावर भागत नाही. ८ किलो मका-बाजरीच्या भरड्यात २ किलो सोयाबीन पेंड आणि ३० ते ४० ग्रॅम मीठ घालावे, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवावा. मीठ याहून जास्त नको, ते विष होते. कच्चे सोयाबीन भरडून घालणारे पुष्कळ भेटतात, ते पचत नाही. सरकी पेंडही टाळावी. तिने बलक हिरवट-काळपट पडतो आणि गिऱ्हाईक अंडे परत आणून देते.

कोंबड्यांचे म्हणाल तर आठ-दहा माद्यांना एक नर पुरे. खायच्या अंड्यासाठी त्याचीही गरज नाही, पण एक शहाणा कोंबडा असला की माद्यांची भांडणे दबतात. जास्त नर झाले की माद्यांच्या पाठी उघड्या पडतात. जत्रेपर्यंत ठेवू म्हणून चार-चार नर पोसण्यापेक्षा ते वेळीच विकावेत किंवा वेगळे बांधावेत.

गाळप हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर त्यांच्याही कोंबड्या येतात. कोपीजवळ दोन कळप मिसळले की मारामाऱ्या होतात आणि रोगांची देवघेवही होते. कोणाच्या कोंबडीने कोणाला रोग दिला हा वाद निरर्थक आहे. मानमोडीची लस दोन्हींकडे लागते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली टोचायची लस. हंगामापूर्वी दवाखान्यात सांगून वस्तीच्या आणि टोळीच्या कोंबड्यांना एकाच दिवशी टोचून घ्यावे.

जखमी कोंबडी दिसताक्षणी बाहेर काढावी, तासभरही थांबू नये. जखम धुऊन जांभळे औषध लावावे, त्याने लाल रंगही झाकतो. पण तिला घराच्या मागे लपवून ठेवू नका, कळपाला दिसेल अशी ठेवा, नाहीतर बरी होऊन आल्यावर ती परकी ठरते. आमची डोके सोललेली तलंग अंगणात डालग्याखाली सोळा दिवस होती. घरातल्या धाकट्या पोरीने तिला ताकातल्या कण्या चारल्या. नंतर रात्री दांडीवर बसवली. चार-पाच दिवस मार खाल्ला, पण रक्त निघाले नाही. डोक्यावर पिसे पुरती आलीच नाहीत, आणि आजही ती उतरंडीत शेवटची आहे. तिच्यासाठी हौदामागे एक वेगळा डबा ठेवतो. संक्रांतीनंतर ती अंड्यावर आली.