सामानाचा सांधा

प्रथम आम्ही जवळचेच मिरज स्थानक घेऊ. १९७१ नंतर काही वर्षे तेथे ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही लोहमार्ग मिळत. एका मापाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून सामान उतरवून पुन्हा चढवावे लागे.

विमानप्रवासातही असाच सांधा आहे. परदेशाहून मुंबईमार्गे कोल्हापुरास येणाऱ्याने, चिठ्ठीवर कोल्हापूर असले तरी, पेटी सामान्यतः मुंबईसच घ्यावी, जकात-तपासणी उरकावी व ती पुन्हा विमानकंपनीच्या स्वाधीन करावी. कारण देशाची वेस तेथेच ओलांडली जाते. जाताना मात्र तिकीट एकच असल्यास पेटी बहुधा थेट पोचते.

विद्यार्थिमित्रहो, परदेशी लेकाकडे निघालेल्या आजी-आजोबांस हे आधीच समजावून सांगा. नाहीतर ते सातारा-सांगलीस पोचतील आणि पेटी मुंबईसच राहील!