शासनाचे साहाय्य कोणाच्या पदरी पडते ?
सोयाबीनचे उत्पादक आणि युरोपचा अनुभव

खरीप २०२३ मधील सोयाबीन व कापूस उत्पादकांना राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपयांप्रमाणे, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य दिले. त्याचे वाटप सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाले. त्या सुमारास लातूर व नांदेड जिल्ह्यांतील गावोगावी याद्या वाचून दाखविल्या जात होत्या, आधार संमतिपत्रे भरून घेतली जात होती आणि सामायिक खातेदारांची ना-हरकत पत्रे गोळा केली जात होती. हे काम ज्यांनी केले, त्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांना एक प्रश्न चावडीवर हमखास ऐकावा लागला : “शेत मी पेरले, फवारणी मी केली, रास मी केली, मग रक्कम मालकाच्या खात्यावर कशी गेली?”

हा प्रश्न बटाईने अथवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याचा आहे. ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. नियम तसा का झाला, इतर देशांत त्याचे काय परिणाम झाले, आणि आजच्या नियमांच्या चौकटीतही त्याला काय मिळवून देता येईल, हे आपल्या कार्यकर्त्यांना नीट ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी प्रथम युरोपकडे वळू. कारण शेतीला आधार देण्याच्या निरनिराळ्या वाटा तेथील राष्ट्रांनी साठ वर्षांत एकामागून एक चोखाळून पाहिल्या आहेत.

भावातून दिलेला आधार

दुसऱ्या महायुद्धात युरोपने अन्नटंचाई सोसली होती. म्हणून सहा राष्ट्रांनी एकत्र येऊन १९६२ पासून समाईक कृषि धोरण अमलात आणले. त्याची रीत सोपी होती. धान्य, लोणी, साखर यांचे भाव वरच्या पातळीवर ठरवावयाचे, आणि बाजारभाव त्याखाली उतरला की शासकीय यंत्रणेने माल खरेदी करून गुदामात ठेवावयाचा. अन्नाची ददात मिटली. परंतु मिटल्यावरही उत्पादन थांबेना. शासन हमखास घेते म्हटल्यावर कोण कमी पिकवील ? पुढे लोण्याचे डोंगर आणि मद्याची तळी साचली, असे लोक उपहासाने म्हणू लागले. १९८४ मध्ये दुधाच्या उत्पादनावर मर्यादा घालावी लागली. ती २०१५ मध्ये उठली. शिवाय भावातून दिलेला आधार विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे मिळत असल्याने ज्याची शंभर पोती त्याला शंभर हिस्से आणि ज्याची पाच पोती त्याला पाच हिस्से, असे वाटप आपोआप होत गेले.

या प्रकारचा अनुभव आपल्यालाही नवा नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. नांदेड जिल्ह्यातील वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना तिची आठवण आहे. शासनाचा भाव बाहेरच्यापेक्षा कमी असला की किनवटकडील कापूस रातोरात आदिलाबादच्या बाजूस जाई, आणि तो अधिक असला की बाहेरचा कापूस आपल्या केंद्रांवर येई. तोटा शासनाच्या तिजोरीत साचत गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीस वाट मोकळी करून देण्यात आली.

सोयाबीनची हमीभावाने होणारी खरेदी ही त्याच जातीची व्यवस्था आहे. मात्र ती मर्यादित आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. २०२४ च्या हंगामात लातूरच्या बाजारातील भाव बहुतेक काळ हमीभावाच्या खालीच राहिला. हमीभाव मिळवावयाचा तर पिकाची नोंद असलेला सातबारा, नोंदणी, संदेशाची प्रतीक्षा, आणि दाण्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा नसणे, इतके सारे जुळून यावे लागते. त्या वर्षी ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. पण ती नोव्हेंबरच्या मध्यास. ज्याला उचल फेडावयाची होती अथवा रब्बीचे बियाणे घ्यावयाचे होते, त्याने तोपर्यंत आडतीवर माल घातलेला होता. बटाईदाराची अडचण याहून मोठी. सातबारा त्याच्या नावावर नसल्याने त्याचा माल त्याच्या नावाने केंद्रावर चढतच नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर माल घालण्याची पळवाट येथूनच निघते.

(जाता जाता एक गोष्ट. निविष्ठेच्या किमतीतून दिलेल्या आधाराचेही असेच होते. ४५ किलो युरियाची गोणी शासकीय साहाय्यामुळे २६६ रुपये ५० पैशांस मिळते. म्हणून मुळांवरील गाठींतून स्वतः नत्र मिळविणाऱ्या सोयाबीनलाही युरियाचा वरखत देण्याची सवय अनेकांना जडली आहे. झाड उंच वाढते, काळोखी धरते. शेंगा तेवढ्या भरत नाहीत.)

जमिनीवर दिलेला आधार

१९९२ मध्ये युरोपने पहिली मोठी दुरुस्ती केली. धान्याचे आधारभाव सुमारे एक तृतीयांशाने खाली आणले आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला हेक्टरी रोख रकमेने दिली. २००३ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. कोणते पीक घ्यावे याच्याशी रकमेचा संबंध बहुतांशी तोडण्यात आला. शेतकऱ्याने जमीन, पाणी व जनावरे यांची ठरवून दिलेली काळजी घ्यावी, एवढी अट राहिली. २०२३ पासूनच्या धोरणात थेट रकमेचा किमान चौथा हिस्सा पर्यावरणास पोषक अशा शेतीपद्धतींसाठी राखला आहे. या अटींचा जाच होतो म्हणून २०२४ च्या प्रारंभी फ्रान्स, जर्मनी, पोलंड, बेल्जम येथील शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. त्यानंतर काही जमीन पडीक ठेवण्याची अट काढून टाकावी लागली. तेथेही हा प्रश्न सुटलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

हेक्टरी रोख रकमेमुळे लोण्याचे डोंगर ओसरले. पण दोन जुनी दुखणी नव्या रूपाने उरली. पहिले असे की, जमीन जास्त त्याला रक्कम जास्त. एकूण रकमेचा सुमारे ८० टक्के भाग २० टक्के लाभधारकांकडे जातो, असे तेथे वर्षानुवर्षे बोलले जाते. दुसरे दुखणे आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. तेथील नियमानुसार जमीन ज्याच्या ताब्यात, तोच रकमेसाठी अर्ज करतो. म्हणजे खंडकरीसुद्धा हक्कदार आहे. तरीही रक्कम जमिनीमागे मिळते हे मालकाला ठाऊक असल्याने तो खंड वाढवितो, आणि खंडकऱ्याच्या हाती आलेल्या पैशाचा काही भाग मालकाच्या खिशात परत जातो.

आपल्या शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये रयतु बंधु योजना सुरू झाली. तीत प्रारंभी एकरी ४,००० रुपये प्रत्येक हंगामास देण्यात आले. त्या वेळी धर्माबाद तालुक्यातील काही सीमेवरच्या गावांनी आम्हास तेलंगणात सामील करा, अशी मागणी केली होती, हे नांदेडकरांस आठवत असेल. परंतु त्या योजनेत रक्कम पट्टेदार मालकाला मिळे, कुळाला मिळत नसे. त्या गावांतील बटाईदार सीमा ओलांडून गेला असता, तरी त्याच्या हाती काही पडले नसते.

एक उदाहरण

समजा, लातूर शहरात लहानसा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाची गावी दोन हेक्टर जमीन आहे आणि ती त्याने निम्म्या बटाईने दिली आहे. तो आयकर भरीत नाही, म्हणून पीएम-किसान योजनेस पात्र आहे. त्याला वर्षास केंद्राचे ६,००० व नमो शेतकरी योजनेतून राज्याचे ६,००० रुपये मिळाले. सोयाबीनच्या अर्थसाहाय्याचे दोन हेक्टरांचे १०,००० मिळाले. एकूण २२,००० रुपये झाले. शेतात हेक्टरी दहा क्विंटल सोयाबीन झाले असे धरू. बटाईदाराच्या वाट्यास दहा क्विंटल आले. ते त्याने हमीभावापेक्षा ५०० रुपये कमी भावाने आडतीवर विकले, म्हणजे त्याचे ५,००० रुपये गेले. ज्याने जोखीम उचलली त्याच्या बाजूस शासनाचा एक रुपयाही आला नाही.

यात मालक दोषी आहे असे मात्र कोणी समजू नये. जमीन बटाईने देणारात वृद्ध आहेत, एकट्या स्त्रिया आहेत, मुले नोकरीस गेल्याने हतबल झालेले लहान खातेदारही आहेत. दोष पैशाच्या वाटेत आहे. ती वाट सातबाऱ्यावरून जाते.

कसणाऱ्याची नोंद

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. साताचा नमुना मालकीचा, बाराचा पिकांचा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना असे. आज बटाईदाराचे नाव कागदावर सहसा येत नाही, यामागे इतिहास आहे. मराठवाड्यास लागू असलेल्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० या कायद्याने कुळांना संरक्षण दिले आणि अनेकांना मालकी मिळवून दिली. तो कायदा न्यायाचा होता. परंतु लेखी दिले की जमीन गेली, ही धास्ती मालकांच्या मनात तेव्हापासून बसली, ती पुढच्या पिढीतही उतरली. म्हणून करार तोंडी होतात.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा करून यावर एक उपाय योजला. अकरा महिन्यांचा लेखी करार करावा, त्याने मालकीस कोणतीही बाधा येऊ नये, आणि त्या आधारे कसणाऱ्यास कर्ज, विमा व साहाय्य मिळावे, अशी त्याची रचना आहे. मालकाच्या संमतीवाचून मात्र तेथेही काम पुढे जात नाही. आमच्या मते, मराठवाड्यासाठी विचार करावयाचा तर याच दिशेने करावा. कारण मालकाची भीती घालविल्यावाचून कसणाऱ्याचे नाव कागदावर येणार नाही.

कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण पेरणीपूर्वी, मृगाच्या आधी, बटाईचे व्यवहार ठरतात तेव्हा मालक व बटाईदार या दोघांना एकत्र बसवून बोलणे आपल्याला शक्य आहे. बियाणे व खताचा खर्च कोणाचा, हे ते ठरवितातच. त्याच बैठकीत शासकीय मदत आल्यास ती कशी वाटून घ्यावयाची, हेही ठरवावयास सांगावे. पीक बुडाल्याची भरपाई असेल तर ती ज्याचा खर्च बुडाला त्याला, निदान खर्चाच्या प्रमाणात, मिळावी हे दोघांनाही पटते, असा आमचा अनुभव आहे. पैसे खात्यावर आल्यानंतर ही गोष्ट काढली तर भांडण होते.

पीक विम्यात बटाईदार स्वतःच्या नावे भाग घेऊ शकतो. परंतु त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. एक रुपयात विम्याची सवलत खरीप २०२५ पासून राहिली नाही. खरीप पिकांस विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्याने भरावा लागतो. तेव्हा हप्ता भरणारा कोण आणि भरपाई घेणारा कोण, हे आता अधिकच स्पष्ट असले पाहिजे. मात्र करार नोंदविताना ठोका वाढविला जात नाही ना, हेही पाहावे. युरोपातील खंडकऱ्याचे जे झाले ते येथे व्हावयास वेळ लागणार नाही.

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. शेतात सोयाबीन आणि नोंद तुरीची, असे झाले की खरेदी केंद्रावर, विम्यात आणि साहाय्यात, तिन्ही ठिकाणी अडचण येते. मालक परगावी असेल तर त्याच्या संमतीने बटाईदाराने मुदतीत पाहणी करून घ्यावी. नोंदविलेले क्षेत्र गुंठ्यांपर्यंत तपासावे.

शेवटी, ज्या घरातील कर्ता पुरुष निवर्तला आहे, त्या घरांची वेगळी यादी प्रत्येक गावी करावी. अशा घरातील स्त्री शेत कसते. सातबारा मात्र मयत पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे तसाच असतो. पीएम-किसान योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन धरली जात नाही. वारसाहक्काने आलेली जमीन त्यास अपवाद आहे. म्हणून वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे घेऊन त्या भगिनीस ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे स्वतः घेऊन जावे, आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तिचे नाव उमटेपर्यंत तो कागद आपल्या वहीत उघडा ठेवावा.