जुनं बोअर, नवा कायदा: कागदाला किती, कामाला किती

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात शेतांचे प्लॉट पडले, त्यांवर बंगले आणि अपार्टमेंट उभी राहिली. जागा घेताना ‘पाणी किती इंच आहे?’ हे सगळेच विचारतात. बोअर किती खोल आणि कशासाठी मारलंय, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढचा खर्च मात्र त्यावरच ठरतो.

राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याचा भर अंतरावर होता: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना नवी विहीर नाही. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला आणि खोलीही मोजली जाऊ लागली. ६० मीटरच्या पुढची ती ‘खोल विहीर’. आता बोअरचं जुनं बिल काढून बघा. त्यावर २०० फूट असेल, तर ते झाले ६०.९६ मीटर. तीन फुटांनी वर्ग बदलला! अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी नवी खोल विहीर घेता येत नाही. आपला गट अशा क्षेत्रात येतो का, ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कोल्हापूर कार्यालयात विचारा.

कागद स्वस्त आहेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये. त्यावरची विहीर-बोअरची नोंद जुळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये, नकलेचं पान २ रुपये. ‘इतर हक्कां’त विहिरीच्या पाण्यात भावकीचा हिस्सा आहे का, हे आधी वाचा, तो निघाला तर वकिलाची फी बोअरच्या बिलाला मागं टाकते.

बिल हरवलं असेल तर खोली मोजावी लागते. नुसत्या मोजणीसाठी मोटर वर काढायची मजुरी भरू नका. दुरुस्तीला ती निघेल तेव्हा सुतळीला जड नटबोल्ट बांधून आत सोडा.

नवं मारायचंच असेल तर फुटाचा दर, केसिंगचा दर आणि ठराविक खोलीनंतर चढणारा दर वेगवेगळे लिहून घ्या. समजा फुटाला १०० रुपये ठरले, तर २०० फुटांचे २० हजार; केसिंग, मोटर, पाइप, केबल निराळे.

केंद्राच्या २०२० च्या भूजल नियमांत एकट्या घराला आणि शेतीला पाणी उपशाच्या ना-हरकतीतून सूट आहे, अपार्टमेंटला नाही. शेतातलं बोअर सोसायटीच्या टाकीला जोडलं की ते शेतीचं राहत नाही. बिल्डरकडून ना-हरकत मागाच.

कोरडं बोअर नुसतं झाकून ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनुसार ते तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचं असतं. भरल्याचा दाखला घ्या आणि खरेदीखताच्या फायलीला लावा.