वेटिंगवर ठेवलंय, म्हणजे नेमकं काय?



मागच्या आठवड्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र माझ्याकडेच शिकला. आता पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज केलेत. दोन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणाहून मेल आला, की मुलाखतीच्या पहिल्या यादीत तुमचं नाव नाही, पण तुम्हाला वेटलिस्टवर ठेवलं आहे. बाकीच्यांकडून अजून काहीच नाही. वडील खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "सर, हे म्हणजे गोड बोलून नाही सांगणंच ना?"

मुलगा काही बोलला नाही. चहाचा कप हातात घेऊन नुसता बसून होता.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला असाच मेल आला होता. मी अगदी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं, "बाळ, हे काही होत नाही आता. सोड, पुढचं बघ." तिने माझं ऐकलं. फाइल कपाटात गेली. तीन आठवड्यांनी मेल आला, चार दिवसांनी ऑनलाइन मुलाखत. तिच्या स्वतःच्याच प्रयोगाबद्दल विचारलं, की हाच कंट्रोल का घेतला? तिला नीट सांगता आलं नाही. तिचं पुढे भारतातच चांगलं चाललं आहे, पण हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा आवाजात तक्रारीचा सूरही नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून आता मी आधी ती यादी म्हणजे काय हे समजावून सांगतो.

आपल्या डोक्यात वेटिंग म्हटलं की रेल्वे येते. डब्ल्यूएल बारा, मग आठ, मग आरएसी, मग बर्थ. नंबर दिसतो, पुढे सरकताना दिसतो. विद्यापीठाच्या यादीला बहुतेक वेळा असा नंबरच नसतो. "माझा नंबर कितवा?" असं विचारून काही हाती लागत नाही. तिथे विषय बघतात. समजा मेंदूविज्ञानातल्या एका उमेदवाराने मुलाखतीला नकार कळवला, तर त्याच्या जागी बऱ्याचदा त्याच विषयाचा दुसरा शोधतात, मग तो यादीत कुठेही असो.

मुळात सगळ्या चांगल्या मुलांना का बोलवत नाहीत? तिकडच्या जीवशास्त्राच्या पीएच.डी.त साधारणपणे विद्यार्थ्याची फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळतं. म्हणजे प्रत्येक जागेमागे विभागाला पैसा उभा करावा लागतो. शिवाय मुलाखत म्हणजे पाच मिनिटांचं पॅनल नव्हे. एकेक उमेदवार अनेक प्राध्यापकांशी स्वतंत्र बोलतो. त्यामुळे बोलावणी मोजकीच जातात.

आता एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. अमेरिकेतली एनआयएच ही सरकारी संस्था विद्यापीठांना पीएच.डी. प्रशिक्षणासाठी जी अनुदानं देते, त्यांतून फक्त तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच विद्यावेतन देता येतं. आपल्या मुलासाठी विभागाला दुसरीकडून पैसे काढावे लागतात. म्हणून आपलं पोर वेटिंगवर राहिलं तर त्यात त्याच्या गुणवत्तेइतकाच या हिशोबाचाही भाग असू शकतो. हे मी समजूत काढायला सांगत नाही, व्यवहारच तसा आहे.

यादी हलते ती कशी? ज्यांना पहिल्या फेरीत बोलावलंय, त्यांनीही आपल्यासारखेच आठ-दहा अर्ज केलेले असतात. त्यांना चार-पाच ठिकाणांहून बोलावणी येतात, तारखा एकमेकींवर येतात, मग ते एखादी मुलाखत सोडतात. हे सगळं साधारण जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतं. मुलाखतीनंतर प्रवेशाची आणखी एक वेटलिस्ट असते, ती वेगळी. तिथे 15 एप्रिल ही तारीख महत्त्वाची, कारण आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाचं उत्तर त्या तारखेआधी द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असं तिथल्या अनेक विद्यापीठांनी आपसात ठरवलेलं आहे. या दोन याद्यांची गल्लत होते. मुलाखतीच्या यादीतला मुलगा एप्रिलपर्यंत आस लावून बसला तर तो बहुधा उगाच बसलेला असतो. मार्चचा मध्य उलटला की ते दार मनातून मिटलेलं बरं.

बरं, तोवर काय करायचं? एक पत्र लिहायचं. एकच. ते मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहायचं. बाबांनी नाही आणि आम्ही सरांनीही नाही. पत्र इंग्रजीतच जाणार, पण मजकूर साधारण असा असावा:

"मला प्रतीक्षा यादीत ठेवल्याबद्दल आभार. मला अजूनही आपल्याकडे यायचं आहे. अर्ज केल्यानंतर माझ्या प्रकल्पाचा दुसरा टप्पा पूर्ण झाला, त्यात अमुक निष्कर्ष मिळाला. तिसऱ्या सत्राचा निकाल सोबत जोडला आहे. जागा झाल्यास मी कमी मुदतीतही मुलाखतीला उपलब्ध आहे."

झालं. "हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे" वगैरे नको. नवीन काही घडलं नसेल तर त्या दोन ओळी गाळाव्यात, ओढूनताणून भरू नयेत. आणि दर सोमवारी आठवणीचा मेल तर मुळीच नको.

त्या "कमी मुदतीत" शब्दांना मात्र जागायला लागतं. मी त्या दिवशी मुलाला विचारलं, "उद्या बोलावलं तर प्रकल्प पाच मिनिटांत सांगशील?" तो म्हणाला, "सांगेन की." मग सांगायला लावलं. अकरा मिनिटं लागली, आणि मूळ प्रश्न काय होता हे सातव्या मिनिटाला आलं! वडीलही हसले. आता तो रोज एकदा मोठ्याने सांगतो, कधी आईसमोर तर कधी धाकट्या बहिणीसमोर. बहीण नववीत आहे. तिला कळलं तर प्राध्यापकांना कळेलच.

वेळेचंही सांगून ठेवतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या घड्याळापेक्षा आपण साडेदहा तास पुढे असतो. त्यांची दुपारी दोनची मुलाखत म्हणजे आपली रात्री साडेबारा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात, मग फरक साडेनऊ तासांचा होतो. त्या आठवड्यात मुलाखत असेल तर वेळ दोनदा तपासा. कॅलिफोर्नियाचा हिशोब वेगळा, तिथे आणखी तीन तास धरा.

आणि गेट, नेट, इथल्या संस्थांच्या मुलाखती यांतलं काहीही थांबवायचं नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, दिलेला पेपर वाया जात नाही. खरं सांगायचं तर वेटिंगचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मुलगा त्या एका मेलकडे डोळे लावून बसतो आणि हातातली परीक्षा निसटते.

घरच्यांनी काय करावं? रोज "आला का रे मेल?" विचारू नये. आला तर तो सांगणारच आहे. नातेवाइकांना अर्ज केल्याचं आधीच सांगून झालं असेल (बहुतेक झालेलंच असतं), तर त्यांच्या फोनना उत्तरं आईवडिलांनी द्यावीत, मुलाच्या हातात फोन देऊ नये. मी त्याच्या वडिलांना एवढंच म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मीच विचारतो हो सर, दिवसातून दोनदा." मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

परवा त्याचा गेटचा पेपर झाला. संध्याकाळी फोन आला, पेपर बरा गेला म्हणाला. मेलबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.